देव वळला, दार कधी उघडलं? : औंढ्याचं देऊळ, नामदेव आणि भक्तीची वाट

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



साखऱ्यात उभं राहून भक्तीवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसाचंच काम आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या गळ्यात माळ आहे. कुणी तीस वर्षं वारी केलेली, कुणी वीणा धरून रात्रभर उभं राहिलेलं. तुम्हाला भक्ती म्हणजे काय हे मी सांगावं, अशी माझी योग्यता नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. म्हणून मी आज भक्ती शिकवणार नाही, भक्तीचा इतिहास सांगणार आहे. आणि तोही लांबचा नाही. इथून सेनगाव गाठलं, हिंगोलीच्या वाटेला लागलं की कयाधूच्या काठी नर्सी लागते. हिंगोलीहून दक्षिणेला उतरलं की औंढा नागनाथ. या दोन गावांच्या दरम्यान भारताच्या भक्तीच्या इतिहासातला एक फार मोठा प्रश्न उभा आहे. तो प्रश्न आपण लहानपणापासून गोष्ट म्हणून ऐकत आलो, आणि गोष्ट ऐकताना प्रश्न ऐकायचा राहून गेला.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नामदेव महाराज औंढ्याला आले, देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं, मागे जा म्हणाले. नामदेव देवळाच्या मागे जाऊन बसले आणि गाऊ लागले. आणि अख्खं देऊळ फिरलं, नामदेवांकडे तोंड करून उभं राहिलं. आजही औंढ्याला गेलं की लोक दाखवतात, बघा, नंदी समोर नाही, मागच्या बाजूला राहिला.

आपण म्हणतो, केवढा चमत्कार! पण माझा प्रश्न साधा आहे. देवळाला फिरावं का लागलं? माणसाला पुढे बसू दिलं असतं तर देवळाला एवढी खटपट करायची गरजच नव्हती. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या परंपरेत देवाकडे जायच्या वाटा सांगितल्या आहेत. कर्माची, ज्ञानाची, योगाची, आणि भक्तीची. गीतेचा बारावा अध्याय तर भक्तियोग म्हणूनच ओळखला जातो. त्यात अर्जुन नेमका आपल्या मनातला प्रश्न विचारतो. एक जण सगुण रूपाची उपासना करतो, दुसरा अव्यक्ताची, दोघांत श्रेष्ठ कोण? आणि श्रीकृष्ण सांगतात की अव्यक्ताची वाट देहधारी माणसाला कष्टाची आहे. पुढे भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या तोंडी भक्तीचे नऊ प्रकार येतात. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. समर्थांनी दासबोधाचा चौथा दशक याच नऊ प्रकारांना दिला.

या नऊच्या यादीकडे एकदा हिशेबी नजरेनं बघा. यातल्या किती गोष्टींना पैसा लागतो? ऐकायला लागत नाही. गायला लागत नाही. आठवायला लागत नाही. मैत्री करायला लागत नाही. अर्चनाला हळदकुंकू, फूल, पाणी लागेल, तेवढंच. आणि किती गोष्टींना देवळाच्या आत जावं लागतं? मूर्तीची सेवा आणि पूजा सोडली तर बाकीच्यांचं घरी, शेतात, रस्त्यावर भागतं. म्हणजे भक्तीची वाट ही कागदावर तरी सगळ्यांना मोकळी आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात तसं स्पष्ट म्हटलंय की माझा आश्रय घेतला तर स्त्रिया, वैश्य, शूद्र सगळेच परम गती पावतात. त्यावर बोलताना ज्ञानेश्वर माउली ओढ्यानाल्यांचा दाखला देतात. ओढा हा ओढा कुठवर? गंगेला मिळेपर्यंत. एकदा मिळाला की पाणी वेगळं काढता येत नाही.

कागदावर मोकळी, असं मी मुद्दाम म्हणालो. प्रत्यक्षात काय होतं ते बघू.

नामदेवांचा जन्म परंपरेनं शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० चा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, आडनाव रेळेकर, व्यवसाय शिंप्याचा. जन्मगाव आपण नर्सी म्हणतो, जुना उल्लेख नरसी-बामणी असा करतात. अभ्यासकांत यावर वाद आहे. कुणी पंढरपूर म्हणतं, कुणी कऱ्हाडजवळचं नरसिंगपूर. तो वाद आज इथं सोडवायचा नाही. हिंगोली जिल्ह्यात उभं राहून मी कोणत्या बाजूनं बोलेन हे तुम्हाला माहीतच आहे. (हशा) पण एक गोष्ट पक्की, की नामदेवांचं आयुष्य पंढरपुरात घडलं.

तेव्हा राज्य देवगिरीच्या यादवांचं होतं. रामचंद्रदेव राजा, आणि त्याचा मोठा अधिकारी हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. पंढरपूरच्या देवळात एक शिलालेख आहे, त्याला चौऱ्यांशीचा लेख म्हणतात. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला. विठ्ठलाच्या देवळाला कुणी काय दान दिलं, त्याची ती नोंद. त्यात स्वतः राजाचं नाव आहे, हेमाद्रीचं आहे. नामदेव तेव्हा तीन ते सात वर्षांचं पोर. म्हणजे हा पोरगा वाढत होता तेव्हा विठ्ठलाच्या देवळाला राजाश्रय होता, दानशूर लोक पुढे होते, त्यांची नावं दगडात कोरली जात होती.

याच हेमाद्रीनं चतुर्वर्गचिंतामणी नावाचा प्रचंड ग्रंथ केला. त्यात व्रतखंड आहे, दानखंड आहे. कोणत्या तिथीला कोणतं व्रत, कुणाला काय दान, सगळं बारकाईनं. ग्रंथ विद्वत्तेचा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण व्रत करायला ब्राह्मण लागतो, दान करायला गाठीला काही लागतं. रोज दुसऱ्याचे कपडे शिवणाऱ्याला, दुसऱ्याच्या घरी दळण दळणाऱ्या बाईला यातलं काय झेपणार? एकीकडे हेमाद्रीचा व्रतखंड आणि दुसरीकडे नामदेवांचं नाम, दोन्ही एकाच राज्यात, एकाच काळात वाढले. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तीही त्याच रामचंद्रदेवाच्या राज्यात. हा योगायोग नाही. धर्म महाग होत गेला की स्वस्त आणि खरी वाट शोधणारे लोक पुढे येतात.

आता नामदेवांच्या दोन गोष्टी सांगतो. तुम्ही ऐकलेल्याच आहेत, पण या वेळी दोन्ही शेजारी ठेवून बघू.

पहिली विहिरीची. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेला निघाले. मारवाडात तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगी, सिद्धीच्या बळावर सूक्ष्म होऊन खाली उतरले, पाणी पिऊन आले. नामदेवांना म्हणाले, तुझ्यासाठीही आणतो. नामदेव म्हणाले, नको. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली आणि पाणीच वर आलं, विहीर भरून वाहू लागली. यातलं मर्म पाण्याच्या वाटपात आहे. योग्यानं खाली जाऊन पाणी प्यालं, ते एकट्याला मिळालं. भक्तानं हाक मारली, तेव्हा पाणी काठावर आलं आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही मिळालं. भक्तिमार्ग श्रेष्ठ का, याचं आपल्या पूर्वजांनी दिलेलं उत्तर हे असं आहे.

दुसरी गोष्ट बरोबर उलटी. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारलं, यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला की हे मडकं कच्चं. का कच्चं? विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या हातचं जेवत होता, तरी कच्चं? हो. कारण त्यांचा देव पंढरपुरातच होता. विटेवर होता, तिथंच होता. मी देवाचा लाडका, हा भाव होता.

मग ते गुरूच्या शोधात निघाले. आपल्याकडे सांगतात की औंढ्याच्याच देवळात त्यांना विसोबा खेचर भेटले. खेचर हा योगमार्गातला शब्द, आकाशात विहरणारा. म्हणजे ज्याला भक्त म्हणतो त्याला गुरू भेटला तो योगाच्या, शिवाच्या परंपरेतला. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, अहो, पाय काढा. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा, तूच माझे पाय उचल आणि देव नाही तिथं ठेव. नामदेवांनी पाय जिकडे ठेवले तिकडे पिंडी. तिथं त्यांना उमगलं.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. विहिरीची गोष्ट सांगते की ज्ञानाला भक्ती लागते. मडक्याची गोष्ट सांगते की भक्तीलाही ज्ञान लागतं. नुसतं प्रेम असेल आणि देव माझ्याच गावात, माझ्याच देवळात, माझ्याच जातीकडे आहे असं वाटत असेल, तर ते प्रेम कच्चं. भाजायचं राहिलेलं. हा निकाल कुणी टीकाकारानं दिलेला नाही. आपल्याच संतांनी, आपल्याच लाडक्या संताविषयी दिला आहे. हे धाडस वारकरी परंपरेचं.

म्हणजे औंढ्यात नामदेव दोन गोष्टी शिकतात. देव सगळीकडे आहे, ही एक. आणि त्याच औंढ्यात त्यांना देवळापुढून उठवलं जातं, ही दुसरी. आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू.

ही देऊळ फिरल्याची कथा फक्त आपल्याकडे नाही, हे ऐकून काहींना नवल वाटेल. ती पंजाबात आहे. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. शीख बांधव ज्या ग्रंथाला गुरू मानून मस्तक टेकवतात, त्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नर्सीच्या माणसाची ६१ पदं. आणि त्यातल्या भैरव रागातल्या एका पदात हीच कथा आहे, नामदेवांच्या स्वतःच्या तोंडून. मी ओळी म्हणत नाही, आशय सांगतो. मी हसत खेळत तुझ्या देवळात आलो. भक्ती करत असताना मला धरून उठवलं. माझी जात हीन, यादवराया, मला छीपा म्हणून जन्माला का घातलंस? मग मी माझं कांबळं उचललं, देवळाच्या मागे जाऊन बसलो. जसजसं गात गेलो, तसतसं देऊळ भक्ताकडे फिरत गेलं.

छीपा किंवा छींबा म्हणजे उत्तरेत कापडावर छपाई करणारा, रंगारी. आपल्याकडचा शिंपी तिकडे छींबा झाला. त्या पदात गावाचं नाव येत नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला इथपर्यंत आणलं, ती येते. जात येते.

आपल्याकडे सप्ताहात ही कथा कशी सांगतात ते आठवा. शिवरात्र होती, गर्दी झाली, कीर्तनानं वाट अडली, म्हणून मागे जा म्हटलं. किंवा शिवाच्या दारात विठ्ठलाचं कीर्तन कशाला, म्हणून हरकत घेतली. कारण हळूच बदललं. पंजाबातल्या पदात कारण उघडं आहे. माझी जात हीन म्हणून उठवलं. चमत्कार दोन्हीकडे जपला, पण आपल्या बाजूला अपमान जरा पुसट झाला. आणि तो पुसट होतो तेव्हा गोष्टीतला प्रश्नही पुसट होतो. कांबळं उचलून मागे जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो भांडला नाही. पण तो देवाला विचारतो, मला असा जन्म का दिलास? भक्तीच्या साहित्यात याच्याइतका बोचरा प्रश्न क्वचित सापडेल.

अशा कथा देशात आणखी आहेत. तमिळ प्रदेशात नंदनार नावाचा भक्त होता, शैवांच्या ६३ नायनारांपैकी एक, अस्पृश्य मानलेल्या जातीतला. बाराव्या शतकात सेक्किळारांनी पेरियपुराण लिहिलं, त्यात त्याची कथा येते. तिरुप्पुंगूरच्या शिवमंदिरात त्याला आत जाता येत नव्हतं. बाहेरून बघायला गेला तर मध्ये नंदी. शिवानं नंदीला बाजूला सरकायला सांगितलं, नंदी सरकला. कर्नाटकात उडुपीला सोळाव्या शतकातले कनकदास. त्यांना आत घेतलं नाही, ते मागच्या बाजूला उभे राहून गाऊ लागले. कृष्णाची मूर्ती वळली, भिंतीला फट पडली आणि दर्शन झालं. आजही तिथं कनकाची खिडकी दाखवतात, आणि लोक त्या खिडकीतूनच दर्शन घेतात.

तीन राज्यं, तीन भाषा, तीन वेगळी देवळं. पण गोष्टीचा सांगाडा बघा. तिन्हीकडे देव भक्ताच्या बाजूचा आहे. नंदी सरकतो, मूर्ती वळते, देऊळ फिरतं. दगड हलतो. हलत नाही ते एकच, दाराशी उभं असलेलं माणूस. कोणत्याही गोष्टीत पुजारी पुढे येऊन असं म्हणत नाही की या, आत या, चुकलं आमचं. देव वळला, पण दार उघडलं नाही.

हे मी टीका म्हणून सांगत नाही. उलट मला वाटतं, या कथा रचणाऱ्यांना हे नीट कळत होतं. त्यांच्या हातात कायदा नव्हता, सत्ता नव्हती. गोष्ट होती. त्यांनी गोष्टीत देवालाच साक्षीदार केलं. तुम्ही माणसाला अडवलंत, पण बघा, देव कुणीकडे आहे. हा त्या काळातला निषेध होता. चमत्काराच्या कापडात गुंडाळलेला.

आता चोखोबांकडे येतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. चोखामेळा नामदेवांच्या मांदियाळीतले. महार जातीचे. विठ्ठलाचे एवढे मोठे भक्त, पण देवळाच्या पायरीच्या आत पाऊल नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली, त्यात चोखोबा आणि बरोबरचे मजूर गाडले गेले. परंपरा सांगते, नामदेव तिथं गेले. हाडांच्या ढिगात चोखोबांची हाडं ओळखायची कशी? ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. ती हाडं नामदेवांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली.

क्षणभर चमत्कार बाजूला ठेवू. एक शिंपी, ज्याला स्वतःला कधीतरी देवळापुढून उठवलं होतं, तो एका महार मजुराची हाडं आपल्या हातांनी गोळा करतो, उचलतो आणि देवाच्या दारात आणून ठेवतो. त्या काळात याचा अर्थ काय होता ते तुम्हीच ठरवा. औंढ्याला देऊळ नामदेवांसाठी फिरलं. मंगळवेढ्याला नामदेव चोखोबांसाठी वळले. माझ्या मते, मडकं पक्कं झाल्याची खूण ही आहे. देव सगळीकडे आहे हे ज्ञान, आणि म्हणून हाही माझा आहे ही कृती.

पण पुढे? समाधी महाद्वारासमोर झाली, दाराच्या बाहेर. तिथून दाराच्या आत जायला किती काळ लागला? १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा म्हणून. दहा दिवस उपोषण चाललं, १० मे रोजी सुटलं, आणि देऊळ सर्वांना खुलं झालं. १३३८ ते १९४७. ६०९ वर्षं. वाळवंटात तेवढी वर्षं टाळ वाजत होता, अभंग गायले जात होते, चोखोबांचेसुद्धा गायले जात होते. त्यांचे अभंग आत गेले, त्यांचे लोक बाहेर राहिले.

म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं आपण टाळून पुढे जाता कामा नये. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या त्यांच्या भाषणावरून गांधीजींशी वाद झाला, तेव्हा त्यांनी संतांविषयी परखड लिहिलं. आशय असा की संतांनी देवाच्या दृष्टीनं माणसं समान आहेत हे सांगितलं, पण माणसा-माणसांतल्या समतेचा झगडा त्यांनी हाती घेतला नाही. हे वारकऱ्याला टोचतं. पण तेच बाबासाहेब १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर जो ग्रंथ लिहितात, तो कुणाला अर्पण करतात? नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला. मघाशी ज्याच्यासाठी नंदी सरकला तोच नंदनार. टीका आणि आदर एकाच माणसाच्या मनात शेजारी राहू शकतात. आपल्यालाही ते जमायला हवं.

मग भक्तीच्या वाटेनं दिलं काय? नुसती गोष्टच का? नाही. त्यांनी एक वेगळी जागा तयार केली. दार उघडत नव्हतं, तर त्यांनी दारच नसलेली जागा घेतली. चंद्रभागेचं वाळवंट. कीर्तनाला भिंत लागत नाही, कळस लागत नाही, उंबरा लागत नाही. तिथं शिंपी गातो, कुंभार ऐकतो, माळी टाळ धरतो, आणि भेटला की एकमेकांच्या पायाला हात लावतो. वयानं थोर, जातीनं थोर असा हिशेब त्या नमस्कारात नाही. आपल्या परभणीकडच्या गंगाखेडची जनाबाई बघा. दामाशेटींच्या घरची मोलकरीण, दळणकांडण करणारी. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते, आणि तरीही कवयित्री म्हणून सातशे वर्षं उरते. त्या काळच्या कोणत्या शाळेनं, कोणत्या दरबारानं तिला लेखणी दिली असती? जात्यानं दिली, कीर्तनानं दिली.

आणि ही जागा इथंच थांबली नाही. परंपरा सांगते की नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. पंढरीच्या विटेवरचा देव तिकडच्या पदांत सगळीकडे भरून उरलेला देव होतो. विसोबांनी औंढ्यात दिलेला धडा तिथं पूर्ण उमलला, असं मला वाटतं. कबीर आणि रविदास यांनी त्यांचं नाव आदरानं घेतलं. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. आणि नांदेडच्या हुजूरसाहिबला येणारे शीख यात्रेकरू नर्सीला येऊन माथा टेकवतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. कयाधूच्या काठावर पगडी आणि पटका शेजारी बसतात, हे सहज घडलेलं नाही.

(इथं एका ज्येष्ठ श्रोत्यानं विचारलं, "सर, ते सगळं खरं, पण देऊळ खरंच फिरलं का?")

बाबा, बरं विचारलंत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी एवढंच म्हणेन, की औंढ्याच्या देवळाचं खालचं दगडी काम यादवांच्या शैलीचं आहे, वरचा भाग नंतरच्या दुरुस्तीचा आहे, आणि दगड फिरला असा पुरावा दगड देत नाही. नामदेवांच्या नावावर सुमारे अडीच हजार अभंग आहेत, त्यातले बरेच नंतरच्या नामा नावाच्या कवींचे आहेत, हेही अभ्यासक सांगतात. संतचरित्रं पुष्कळ नंतरची. महिपतीबुवांचा भक्तविजय १७६२ चा, म्हणजे नामदेवांच्या चारशेहून जास्त वर्षांनंतरचा. त्यामुळे काय घडलं ते तंतोतंत सांगता येत नाही. पण १६०४ साली पंजाबातल्या ग्रंथात ही गोष्ट लिहिली गेली, म्हणजे त्याआधीच ती दीड हजार किलोमीटरवर जाऊन पोचली होती. कशामुळे पोचली? ज्याला ज्याला कुठल्या तरी दारातून उठवलं होतं, त्या प्रत्येकाला ती आपली वाटली, म्हणून पोचली. देऊळ फिरलं की नाही हे मला ठाऊक नाही, बाबा. माणसाला उठवलं होतं, याबद्दल मात्र मला शंका नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

परंपरेनुसार १३५० साली नामदेवांनी पंढरपुरात देह ठेवला. कुठे? महाद्वाराच्या पायरीशी. तिला आपण नामदेव पायरी म्हणतो. देवाच्या दर्शनाला येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर पडावी, ही इच्छा. आजवर आपण तिला नम्रता म्हणत आलो, आणि ती आहेच. पण जागा बघा. एका बाजूला गाभारा, समोर बाहेर चोखोबांची समाधी, आणि मध्ये उंबऱ्यावर नामदेव. आत जाणाऱ्या प्रत्येकाला या दोघांना ओलांडून जावं लागतं. माझ्या मनाला वाटतं, ते तिथं पहारा देत बसलेत. येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, आत निघालास, पण बाहेर कोण राहिलं ते पाहिलंस का?

आषाढी झाली की वद्य एकादशीला नर्सीला परतवारी भरते. तुम्ही जाल, मीही येईन. पंढरपूरहून परतताना माणूस देव घेऊन गावात येतो म्हणतात. तर या वेळी गावात परत येताना आपापल्या देवळाचं दार, सप्ताहातली पंगत, पाण्याची टाकी, मसणवट्याची वाट, एवढ्या चार ठिकाणी जरा थांबून बघू. कुणी मागच्या बाजूला बसलेलं आहे का? कुणी कांबळं उचलून निघालेलं आहे का? असेल, तर देऊळ फिरायची वाट बघायला नको. या वेळी आपणच वळू.

रामकृष्ण हरी.